रोजचा अरुणोदय

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. दहावीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचे वडील गेले होते. सकाळच्या प्रार्थनेला तो हात जोडत नाही, अशी वर्गशिक्षकांची तक्रार होती. मी काही विचारण्यापूर्वी तोच म्हणाला, "सर, मनात काही नसताना हात जोडायचे म्हणजे खोटं बोलणंच की."

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी उत्तर द्यावेच लागते. मी म्हणालो, "मग नको जोडूस. नुसता रांगेत उभा राहा." मुलगा गेला. उत्तर मात्र माझे मलाच अपुरे वाटले, कारण त्याच्या प्रश्नाशी माझी ओळख जुनी होती.

आम्ही चार पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. रात्रीच्या जेवणापूर्वी सर्वांनी एकत्र बसून पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, एक गीत म्हणायचे आणि प्रार्थना करायची, ही घरातली रीत. ती कधी सुरू झाली हे कोणाला सांगता येणार नाही आणि ती मोडल्याचेही कोणाला आठवत नाही. नऊ वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. त्यानंतर पुस्तक उघडले की अक्षरे दिसत, पण आत काही उतरत नसे. रविवारी देवळात गीत सुरू झाले की ओठ हलत, पण आवाज निघत नसे. दिवसा शाळेत मुलांना धीराच्या गोष्टी सांगायच्या आणि रात्री रिकाम्या मनाने डोळे मिटायचे, असे दीड-दोन वर्षे चालले. आपण ढोंगी तर झालो नाही ना, ही शंका मला छळत होती. प्रार्थना थांबवणे हेच अधिक प्रामाणिक नव्हे काय?

आमच्या बेळगावशी जवळचा संबंध असलेल्या एका माणसाची या संदर्भात आठवण होते. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःखाची ती कहाणी मराठीतील आरंभीची कादंबरी म्हणून आपण ओळखतो. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'अरुणोदय' असे नाव दिले. धर्मांतराची कथा म्हटली की अंधार सरला आणि उजाडले, असे एकच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु बाबा १९०६ पर्यंत जगले. म्हणजे त्या पहिल्या पहाटेनंतर त्यांना बावन्न वर्षे काढायची होती. त्या वर्षांत त्यांनी लिहिले, संपादने केली, कोश रचले, टीका लिहिल्या. प्रत्येक सकाळी पहिल्या दिवसाचा तो आवेग त्यांच्या मनात असेल, हे मानवी स्वभाव पाहता संभवत नाही. मग मनात येते की अरुणोदय हा शब्दच किती नेमका आहे! अरुणोदय आयुष्यात एकदा होऊन थांबत नाही, तो रोज व्हावा लागतो.

पवित्र शास्त्रात याची एक विलक्षण कथा आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात फिरत होते. त्यांना रोज सकाळी जमिनीवर मान्ना नावाचे अन्न मिळे. अट एकच, ज्या दिवसाचे त्याच दिवशी गोळा करायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढे दुप्पट घेण्याची मुभा. एरवी कोणी उद्यासाठी साठवून ठेवले तर त्यात किडे पडत. लहानपणी मला ही देवाची कडक शिस्त वाटे. आता वाटते, यात मोठी दया आहे. कालची श्रद्धा आज पुरत नाही म्हणून खंत करायचे कारण नाही, ती पुरण्यासाठी दिलेलीच नव्हती. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती त्या दिवसापुरतीच.

पण मुलाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. मन नसताना केलेली प्रार्थना ढोंग ठरते का? येशूने ढोंग्यांवर कडक ताशेरे ओढले, हे खरे. मात्र ते नीट वाचले पाहिजेत. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटले, आणि आपल्या शिष्यांना खोलीचे दार लावून घेऊन प्रार्थना करायला सांगितले. म्हणजे ढोंगाची कसोटी मनात उमाळा आहे की नाही ही नव्हे. कोणाला दाखवण्यासाठी करतो, ही आहे. दार लावून कोरड्या मनाने बसलेला माणूस कोणाला फसवतो? देवापासून तर त्याचा कोरडेपणा लपलेला नाही. उलट तो कोरडेपणाच घेऊन तो देवापुढे बसला आहे. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. देवाकडे केलेली ती तक्रार अखेरपर्यंत तक्रारच राहते, शेवटी आशेचा किरणही येत नाही. तरीही उपासनेच्या पुस्तकातून ते कोणी काढून टाकले नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडून देवाने आपल्याला का टाकले असा आक्रोश निघाला, तोही एका स्तोत्राचाच आरंभ आहे. जिथे ही वाक्ये प्रार्थना म्हणून जपली गेली, तिथे तुमच्या-माझ्या रिकाम्या मनाला जागा नाही असे कसे होईल?

मदर तेरेसा १९९७ साली गेल्या. दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने बाहेर आली आणि जग चकित झाले. कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, आत अंधार होता, असे त्या पत्रांवरून दिसले. कोणी म्हणाले, मग ते सारे हसतमुख दिसणे खोटेच होते. मला तसे वाटत नाही. ज्याला आतून सतत गोडी मिळते, त्याने सेवा केली तर त्यात नवल काय? गोडी आटल्यावरही रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसाला उचलायला जाणे, याला खोटेपणा म्हणता येत नाही. निष्ठा म्हणतात ती हीच.

अर्थात नुसत्या सवयीचे समर्थन मला करायचे नाही. सवय माणसाला पोकळही करते. आमोस संदेष्ट्याने आपल्या काळच्या उत्सवांना आणि गीतांना झिडकारले, कारण गाणारे तेच लोक वेशीत गरिबांना नाडत होते. म्हणून दुसरी कसोटीही लावली पाहिजे. प्रार्थनेवरून उठल्यावर माझे पाऊल कोणाकडे वळते? शेजाऱ्याकडे कधीच वळत नसेल, तर मग उमाळ्याने गायलेले गीतही व्यर्थच.

या बाबतीत मला शिकवले ते माझ्या आईने. माझ्या धाकट्या भावाला तिने तो सहा वर्षांचा असताना गमावले, पण संध्याकाळची उपासना एक दिवस चुकवली नाही. माझ्या त्या वाईट दिवसांत एकदा मी तिला विचारले, "आई, प्रार्थना करताना तुला रोज आत काही वाटतं का गं?" ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, चूल रोज पेटवत आले, ती काय काही वाटतं म्हणून? घरात माणसं जेवायची असतात म्हणून."

एम.ए.ला वाचलेल्या कोणत्याही ग्रंथाने माझा प्रश्न इतका सोपा करून दिला नव्हता.

शेजारी एक कन्नड गृहस्थ राहत. त्यांना मराठी अर्धेमुर्धे, माझे कन्नड कामापुरते. पत्नी गेल्यानंतरच्या त्या पावसाळ्यात ते दर बुधवारी संध्याकाळी येत, आमच्या उपासनेत बसत आणि माझ्या वतीने कन्नडमध्ये प्रार्थना करत. निम्मे शब्द मला कळत नसत. शेवटी 'आमेन' तेवढे मी म्हणे, कारण तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. आपल्या या सीमाभागात भाषेवरून किती कडवटपणा झाला, हे वाचकांना सांगायला नको. पण माझी भाषा मुकी झाली होती तेव्हा शेजारच्या भाषेने माझी प्रार्थना चालू ठेवली. प्रभूच्या प्रार्थनेत 'मी' नाही, सगळीकडे 'आम्ही' आहे. त्याचे कारण मला तेव्हा उमगले. एकाचा आवाज बंद पडला तर मागच्या बाकावरचा कोणीतरी गात असतो.

माझे मन पुन्हा कधी ओले झाले, ती तारीख मला सांगता येणार नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. मग तो चालू लागला. माझेही तसेच झाले असावे. एका रविवारी गीताच्या तिसऱ्या कडव्याला माझा आवाज मलाच ऐकू आला, एवढे आठवते.

त्या मुलाला हे सारे तेव्हाच सांगायला हवे होते, पण तेव्हा ते सुचले नाही. आता तो कॉलेजात आहे. त्याच्या दहावीच्या वर्षाचे हजेरीपत्रक मी मुद्दाम काढून पाहिले. वर्षभर तो प्रार्थनेला हात न जोडता उभा राहिला, पण एकही दिवस गैरहजर नव्हता. तीच त्याची प्रार्थना होती असे मी म्हणणार नाही. ते त्याने ठरवायचे. मात्र रोज सकाळी रांगेतल्या आपल्या जागी येऊन उभे राहणे याला खोटे बोलणे म्हणत नाहीत, एवढे त्याला सांगायचे राहून गेले. हा अंक त्याच्या घरी जातो.