शून्यावरचा काटा

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओचालकाच्या, लिनियर ॲम्प्लिफायरमध्ये 811ए हा व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या प्लेटवर साधारण 1500 व्होल्ट असतात. ते पुरवणारे कंडेन्सर मिळून 30 मायक्रोफॅरडचे धरले, तर त्यांत सुमारे 34 ज्यूल ऊर्जा साठते. स्विच बंद केला, फिलॅमेंट विझले, तरी ती तशीच राहते. ती जिरवायला ब्लीडर रेझिस्टर लावतात. तो 100 किलोओहमचा असेल तर 15 सेकंदांत व्होल्टेज दहाच्या आसपास उतरते. पण हा रेझिस्टर सतत तापतो आणि कधीतरी आतून तुटतो. बाहेरून पत्ता लागत नाही. त्यात अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि हात घामेजतात. घामेजल्या हाताचा विद्युतरोध फार कमी असतो, अशा हाताचा स्पर्श जिवावर बेततो. म्हणून झाकण उघडणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न खरे तर तत्त्वज्ञानाचा आहे: कंडेन्सर रिकामा आहे, हे कळायचे कशाने?

मीटर शून्य दाखवतो, एवढे पुरत नाही. नसलेली गोष्ट कळते कशी, यावर आपल्या दर्शनांत जुना वाद आहे. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैत वेदान्ती यासाठी अनुपलब्धी (न आढळणे) हे वेगळे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात. नैयायिक म्हणतात, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. एका अटीवर मात्र दोघे ठाम आहेत. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. हीच योग्यता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो तिथे नाही असे ठरत नाही.

अमरावती जिल्ह्यातील गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी तान्हेपणीच गेली. समोरचा दिवा न दिसणे हा त्यांच्यापुरता दिवा नसल्याचा पुरावा कधीच नव्हता. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी अद्वैतावर विपुल लेखन केले. त्यांच्या प्रज्ञाचक्षू या पदवीमागे योग्यतेचा हाच विचार उभा दिसतो: एक साधन नसले की दुसरे प्रमाण शोधावे लागते.

मीटरची वायर आतून तुटलेली असेल तर मीटरही आंधळाच. म्हणून जाणकार तो आधी ज्ञात व्होल्टेजवर तपासतो, मग कंडेन्सरवर धरतो, मग पुन्हा ज्ञात व्होल्टेजवर. शून्याचा अर्थ अपेक्षेवरही ठरतो. प्रक्षेपणाच्या वेळी प्लेट करंट शून्य असेल तर फ्यूज, चोक किंवा फिलॅमेंटच्या मधल्या टॅपची जोडणी गेली असेल. ऐकण्याच्या वेळी मात्र रिलेने ती जोडणी मुद्दाम तोडलेली असू शकते. तेव्हा तेच शून्य ॲम्प्लिफायर ठीक असल्याची खूण ठरते.

मीटर बॅटरीवर तपासला, मग बॅटरी कोणी तपासली? मीमांसक ज्ञान स्वतःप्रमाण मानतात, बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरेपर्यंत, ते खरेच. नैयायिकांना बाहेरचा आधार लागतो, आणि तो शेवटी सफल कृतीत मिळतो. इथे दोन्ही वाटा अपुऱ्या आहेत. बाध येण्याची वाट पाहणे म्हणजे झटका बसण्याची वाट पाहणे. आणि इथली कृती म्हणजे हात लावणे.

म्हणून अर्थिंगला जोडलेली, लांब इन्सुलेटेड दांड्याची काठी कंडेन्सरला टेकवतात. काठी अभाव शोधत नाही, घडवते. न्यायदर्शनाच्या भाषेत हा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशातून आलेला अभाव. त्याला आरंभ असतो, अंत नसतो, असे शास्त्र सांगते. कंडेन्सरच्या डायइलेक्ट्रिकमध्ये मात्र थोडा भार मुरलेला राहतो आणि काठी काढल्यावर व्होल्टेज हळूहळू पुन्हा वर येते. तेव्हा ध्वंस पुरता झालेलाच नव्हता, हे उघड होते. यासाठी काम संपेपर्यंत काठीचा हुक कंडेन्सरला अडकवूनच ठेवतात.