घामाचा भूगोल

सौदी अरेबिया म्हटलं की आपल्याला वाळू आणि ऊन एवढंच सुचतं. रत्नागिरी-रायगडमधल्या कितीतरी घरांतली माणसं तिथे नोकरीला असूनही हे चित्र बदललेलं नाही, याचं मला नवल वाटतं. खरं तर त्या देशाची पश्चिमेकडची ठेवण कोकणातल्या माणसाला चटकन उमगावी. समुद्राकाठी चिंचोळी, दमट तिहामा. तिच्या पाठीशी उभा चढलेला सरवात डोंगर. माथ्यापलीकडे पूर्वेला उतरत गेलेलं नज्दचं कोरडं पठार. आपलं कोकण, सह्याद्री आणि देश जणू.

पाऊस मात्र आपल्यासारखा नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची जेमतेम कड उन्हाळ्यात सौदीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या असीरच्या डोंगरांना शिवते. पण तेवढ्यावरही सुमारे २,२०० मीटर उंचीच्या अबहाच्या आसपास जुनिपरची रानं आहेत, डोंगरउतारांवर पायऱ्यांची शेती आहे, दक्षिणेला जाझानच्या डोंगरांत कॉफी पिकते.

जुन्या बांधकामांना भागाभागांतल्या हवेचा हा फरक ठाऊक होता. असीरमधल्या मातीच्या भिंतींतून चपट्या दगडांच्या आडव्या रांगा बाहेर डोकावतात, खाली झुकलेल्या. पावसाचं पाणी त्यांच्या कडेवरून बाहेर ठिबकतं, भिंत धुपत नाही. जेद्दाहच्या जुन्या घरांना समुद्राचा वारा आत घेणारे जाळीदार लाकडी सज्जे, तर नज्दमध्ये जाड भिंती आणि इवले झरोके. आता सगळीकडे काँक्रीट आणि एसी. आत बसणाऱ्याला फरक जाणवत नाही. उघड्यावर राबणाऱ्याला जाणवतो.

रियाधच्या कोरड्या झळांत घाम वाळतो, म्हणून अंग थोडंफार निवतं. पूर्वेला आखाताच्या किनाऱ्यावर तो नुसता निथळतो. ८ जुलै २००३ रोजी तिथल्या धहरानला तापमान ४२ अंश सेल्सिअस होतं आणि दवबिंदू ३५. अशा हवेत सावलीही फारशी कामाची नसते.

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उन्हात काम करायला सौदीत बंदी आहे. नियम चांगलाच आहे, पण तो घड्याळ बघतो. किनाऱ्यावरचा दमटपणा तीनच्या ठोक्याला ओसरत नाही. शेजारच्या कतारने २०२१ मध्ये दुपारच्या बंदीला जोड दिली: ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला, की वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. इतक्या तऱ्हांची हवा असलेल्या सौदीला तर हे माप कतारपेक्षाही जास्त गरजेचं आहे.