आयतें बीळ

गेल्या श्रावणांत, नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशीं, आमच्या शेजारचे एक गृहस्थ माझ्याकडे फिर्याद घेऊन आले. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलानें घरांत साप पाळण्याचा निश्चय केला होता. आणि निश्चयावर न थांबतां गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलींत त्यानें सापासाठीं लांकडी पेटीहि बांधावयास घेतली होती. "सर, काल ज्याची पूजा केली त्याला आज कोंडावयाचें, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? तुम्ही तत्त्वज्ञान शिकवितां, तुम्हीच त्याला समजावा," असें ते म्हणाले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला शेजारी असें काम क्वचितच सांगतात. मी मोठ्या उत्साहानें जिना चढलों. उतरतांना तो उत्साह राहिला नव्हता. कारण समजावण्यास गेलों तो मी, आणि तासभर ऐकत बसलों तोहि मीच.

भिवंडींत साप ही अपूर्वाईची वस्तु नव्हे. येथें गोदामें आहेत, गोदामांत उंदीर आहेत, आणि उंदरांच्या मागावर धामण आहे. पावसाळ्यांत कामवारीला पूर आला कीं नदीकांठच्या वस्तींत काय काय निघतें तें जुन्या लोकांना विचारावें. परंतु नाग, धामण, अजगर असे आपल्याकडील साप घरांत बाळगणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, आणि हें त्या मुलाला माझ्याहून नीट ठाऊक होतें. त्याच्या मनांतला साप परदेशचा होता: पश्चिम व मध्य आफ्रिकेंतला बॉल पायथन. हा बिनविषारी, चार-साडेचार फुटांचा, संथ प्राणी. भ्याला म्हणजे डोकें मध्यें घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरून त्याला हें नांव पडलें. असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनीं सरकारदरबारीं नोंद करावी, असें २०२२ च्या दुरुस्तीनें व तिच्या आधारें केलेल्या २०२४ च्या नियमांनीं ठरविलें आहे. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानांत दडविलेले साप वारंवार सांपडतात. त्या चोरट्या व्यापाराचा विटाळ नको म्हणून पिंजऱ्यांतच जन्मलेल्या, कागदपत्रें चोख असलेल्या पिलाचा शोध त्यानें चालविला होता. कायद्याची बाजू याप्रमाणें संपली. कायदा संपतो तेथें नीतीचा प्रश्नहि संपतो, असें मात्र मला कधींच वाटलेलें नाहीं.

पेटी जुन्या कपाटाच्या फळ्यांची, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. समोर सरकत्या कांचा. दोन्ही अंगांच्या फळ्यांना बारीक जाळी लावलेलीं भोंकें, एका अंगास खालीं व दुसऱ्या अंगास वर, म्हणजे तापलेली हवा वरून जावी आणि गार हवा खालून आंत ओढली जावी. सापाचें शरीर आपल्यासारखें आंतून तापत नाहीं. ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि नकोशी झाली म्हणजे तेथून सरकावें लागतें. म्हणून पेटीचें एक टोंक सुमारें ३२ अंशांचें तर दुसरें २६ अंशांचें हवें, आणि दोन्ही टोंकांस लपावयास एकेक आडोसा हवा. तो एकाच टोंकास असला तर भित्रा साप आडोसा सुटूं नये म्हणून उष्णता किंवा थंडी सोसत पडून राहतो. ऊब देणाऱ्या दिव्याला तारेची जाळी हवी, कारण साप त्याला बिलगतो आणि भाजत असतांहि लौकर दूर होत नाहीं. रोगणाचा वास पुरता उडाल्याखेरीज प्राणी आंत सोडावयाचा नाहीं. थंड देशांतल्या पुस्तकांत पेटी तापवावी कशी याचीं पानेंच्या पानें आहेत. भिवंडींत चैत्र-वैशाखांत ती निववावी कशी, याचें उत्तर मुलाला स्वतःच शोधावें लागत होतें. सगळ्यांत अधिक काळजी त्याला कांचांमधल्या फटीची. डोकें शिरलें कीं सापाचें अंग शिरतें. मला परीक्षितीची आठवण झाली. त्यानें एकखांबी महाल बांधून साप आंत येऊं नये म्हणून पहारे बसविले, आणि तक्षक फळांतला किडा होऊन आंत आला. येथें सारी खटपट उलट दिशेची होती, पण फटीची भीति तीच.

मीं विचारलें, "अरे, पण कोंडणें तें कोंडणेंच ना?"

तो म्हणाला, "काका, 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपलीच ना? साप घर बांधीत नाहीं. हा पायथन तिकडे दिवसा उंदरांच्या बिळांत नाहीं तर वाळवीच्या वारुळांत पडून असतो. बीळ उंदरानें खणलें काय आणि मीं बांधलें काय, त्याला काय त्याचें!"

मुलाचें म्हणणें प्राणिशास्त्रास धरून होतें. (नागराजाची मादी तेवढी पालापाचोळा ओढून अंड्यांसाठीं घरटें रचते, पण एका अपवादानें म्हण खोटी पडत नाहीं.) त्या म्हणींत नागोबावर ऐतखाऊपणाचा आळ आहे; मुलानें त्यांतून त्याच्या संसाराचें शास्त्र काढलें याचें मला कौतुक वाटलें. तथापि बिळाला तोंड असतें. बीळ आणि पेटी यांतलें अंतर भिंतींचें नव्हे, तोंडाचें आहे. बिळांतला साप दहा दिवस बाहेर पडला नाहीं, तरी अकराव्या दिवशीं तो पडूं शकतो. यावर मुलाचा प्रश्न असा कीं, आपल्यापाशीं अमुक एक गोष्ट नाहीं हें ज्याला कळतच नाहीं, त्याच्यापासून ती हिरावली असें म्हणतां येईल काय?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. देकार्तनें जनावरांस यंत्रें मानलें. बेंथमनें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हा प्रश्न बुद्धीवरून व वाचेवरून काढून वेदनेवर आणून ठेवला. आणि तेव्हांपासून आपण बहुधा त्याच्याच वाटेनें चाललों आहों: दुःख नाहीं तेथें अन्याय नाहीं. परंतु सापाचें दुःख ओळखावयाचें कसें? कुत्रें केकाटतें, गाय हंबरते. सापाच्या डोळ्याला मिटणारी पापणीहि नाहीं. तो कांचेवर नाक घांसूं लागला तर जाणते लोक सांगतात कीं ऊब चुकली, भूक लागली किंवा आडोसा पुरत नाहीं. या सर्व दुरुस्त्या करूनहि तो घांसतच राहिला तर काय म्हणावयाचें? सापाला सरळ लांब होतां येईल एवढी तरी पेटी असावी, असा कांहीं अभ्यासकांचा आग्रह आहे. लहान जागेंतच तो निर्धास्त असतो, असें दुसरे म्हणतात. सापाला साक्षीस बोलावतां येत नाहीं, म्हणून हा वाद मिटत नाहीं.

मीं त्याच्यापुढें बत्तीस शिराळ्याची गोष्ट काढली. सांगली जिल्ह्यांतल्या त्या गांवीं नागपंचमीसाठीं रानांतून जिवंत नाग धरून आणीत, तोंडाला फडकें बांधलेल्या मडक्यांत ठेवीत, आणि पूजा व मिरवणूक झाली म्हणजे पुन्हां रानांत सोडीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर या प्रथेला आळा बसला. २०२५ सालीं केंद्र सरकारनें शिक्षणाच्या हेतूनें मोजके नाग धरण्यास परवानगी दिली, तेव्हां त्या गांवाचें नांव पुन्हां वर्तमानपत्रांत आलें. मडक्यांत ना दोन टोंकांची ऊब, ना लांब होण्यास जागा. तो छळ होता यांत मला संशय नाहीं. परंतु त्या छळाला तिथि होती. पंचमी सरली कीं फडकें सुटे. मुलाच्या पेटींत छळ नाहीं, आणि तिथीहि नाहीं. हा पायथन वीस-तीस वर्षें सहज जगतो. पिंजऱ्यांत जन्मलेल्या परदेशी सापाला भिवंडीच्या माळावर सोडणें हा त्याच्यावरहि अन्याय आणि येथील प्राण्यांवरहि. म्हणजे त्याची सुटका खुद्द पाळणाऱ्याच्याहि हातीं नाहीं. दोहोंत अधिक वाईट कोणतें, असें मीं वर्गांत विचारलें असतें तर विद्यार्थ्यांनीं चटकन् मडकें म्हटलें असतें. मला तितकें चटकन् म्हणवत नाहीं.

या खटल्यांत आणखी एक पक्ष आहे, त्याला वकीलच नाहीं. तो म्हणजे उंदीर. आठ-पंधरा दिवसांनीं सापाला एक उंदीर लागणार. मुलाच्या आईचा खरा आक्षेप हाच होता, आणि तिच्या नवऱ्यानें तो फिर्यादींत घातलाहि नव्हता. गोदामांत उंदरांना विष घालतात तेव्हां कोणाच्या पोटांत कालवत नाहीं, हें मुलाचें उत्तर. तें खरें आहे. पण एका हिंसेची आपल्याला संवय झाली, एवढ्यानें दुसरी निर्दोष ठरत नाहीं. रानांत साप उंदीर मारतो तो त्याचा व्यवहार. पेटींत उंदीर टाकला जातो तो आपला.

माझें मत विचाराल तर, पेटीचा दोष केवळ दुःखांत शोधणें बरोबर नाहीं. दुसऱ्या जीवाचें ऊन, पाऊस, रात्र आणि अन्न हीं सारीं आपल्या हातांत घेऊन त्याचा विधाता होणें, हेंच मुळांत धाडस आहे. आणि हा विधाता विजेच्या एका तारेवर विसंबून असतो. कुत्र्याच्या बाबतींत निदान देवघेव असते; तें ओळखतें, वाट पाहतें. साप फार तर आपल्या हाताला भीत नाहींसा होतो. यावरून माझ्या एका सहकाऱ्यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, साप पाळणें ही निव्वळ मिरवण्याची हौस. मला प्रथम उलट वाटलें: जो कधींहि ओळख देणार नाहीं त्याची वीस वर्षें निगा राखणें हें निष्काम कर्माच्या बरेंच जवळ जातें. पण लगेच मनांत आलें कीं, ज्याला आपणच कोंडलें त्याची निष्काम सेवा, ही तुरुंगाधिकाऱ्याची निष्कामता झाली. या दोन विचारांत मी अद्याप हेलकावे खात आहें.

म्हणून त्या दिवशीं निवाडा न देतां मीं एक तोडगा सुचविला. मुलानें तीन महिने रिकामी पेटी चालवावी, दोन्ही टोंकांचीं तापमानें सकाळ, दुपार व रात्र वहींत टिपावीं, आणि मग वडिलांनीं वही पाहून ठरवावें. त्यानें तंतोतंत तसें केलें. आश्विनांतल्या एका दुपारीं वीज गेली, पंखा थांबला आणि पत्र्याखालच्या त्या खोलींत पेटी ४० अंशांवर गेली; वहींत त्या आंकड्याभोंवतीं तांबड्या शाईचें वर्तुळ आहे. दुसऱ्या दिवशीं पेटी खालीं वडिलांच्या खोलींत आली. वडील कुरकुरले, पण जागा दिली. मार्गशीर्षांत पिलूहि आलें.

येत्या जूनमध्यें मुलगा पुढील शिक्षणासाठीं पुण्यास जाणार आहे. वसतिगृहांत साप चालत नाहीं, आणि त्याच्या आईवडिलांस वर्षांतून तीन-चार महिने मुलीकडे राहावें लागतें. परवां ते गृहस्थ पुन्हां आले. या वेळीं फिर्याद नव्हती. माझी अभ्यासिका तळमजल्यावर, उत्तरेकडे, वैशाखांतहि गार असते, हें त्यांना कोणीं सांगितलें कोण जाणे. काल मुलगा टेप घेऊन आला आणि भिंत मोजून गेला. मीं अद्याप होकार दिलेला नाहीं. त्या भिंतीलगतच्या कपाटांतलीं पुस्तकें मात्र आज सकाळपासून हलवीत आहें.