नव्या स्केटपार्कवर हक्क कुणाचा?

कॅलिफोर्नियातल्या गावात नवा काँक्रीटचा स्केटपार्क खुला झाला, की 20 इंची चाकांच्या बीएमएक्स सायकली घेऊन मुलं फाटकाशी येतात. पुष्कळदा तिथे पाटी असते: सायकलींना मनाई. पार्क कराच्या पैशातून उभा राहिलेला, आणि कर या मुलांच्या आईबापांनीही भरलेला. मग सर्वांच्या जागेत त्यांनाच मज्जाव का?

मनाईची कारणं खोटी नाहीत. सायकल जड असते. धडक बसली तर स्केटबोर्डवरच्या मुलाला जास्त लागतं. आसाला लावलेले धातूचे पेग बाउलच्या, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट भागाच्या, काठाचे टवके उडवतात. शिवाय नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती. 1990च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने स्केटबोर्डिंगला धोकादायक खेळ ठरवून पालिकांना अशा दाव्यांपासून बरंच संरक्षण दिलं आणि त्यानंतर सार्वजनिक पार्क झपाट्याने वाढले. सायकलींना त्या कायद्यात जागा मिळायला 2016 उजाडलं.

याहून खोल दावा श्रमाचा आहे. पोर्टलंडमधल्या बर्नसाइड पुलाखाली 1990 साली स्केटरांनी परवानगीची वाट न पाहता स्वतः काँक्रीट ओतलं. शहराने मान्यता नंतर दिली. इतरत्रही पार्कसाठी वर्षानुवर्षं पालिकेचे उंबरठे झिजवले ते बहुतेक स्केटरांनीच. ज्याने घाम गाळला त्याची मालकी, हा विचार तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडला. पण त्यानेच एक अट घातली होती: इतरांसाठी तितकंच आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. गावात बाउल एकच असेल, तर ही अट पुरी होत नाही.

इथे गांधीजींची विश्वस्ताची कल्पना जास्त उपयोगी पडते. ज्यांनी पार्क मिळवला त्यांनी तो सांभाळावा, तिथली रीत नवख्याला शिकवावी. दार मात्र लावू नये.

ही रीत खेळातच आहे. लहान बाउलमध्ये एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी काठावर थांबायचं. दुसऱ्याची पाळी मारणं म्हणजे ‘स्नेकिंग’, आणि ते कुणीही खपवून घेत नाही. पार्क वाटला जातो तो पाळीपाळीने, आणि पाळीला वाहन कोणतं याने फरक पडत नाही.

सायकलवाल्यांकडेही कर्तव्य येतंच: प्लॅस्टिकचे पेग लावणं, आधी थांबून इतरांच्या वाटा पाहणं, धडपडत शिकणाऱ्या पोरांना जागा देणं. ते उपरे मुळीच नाहीत. बॉब हॅरोसारख्या सायकलस्वारांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस स्केटपार्कमध्येच बीएमएक्सची फ्रीस्टाइल, म्हणजे कसरतींचा प्रकार, घडवली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 साली, स्केटबोर्डिंग आणि बीएमएक्स फ्रीस्टाइल या दोन्ही खेळांचं पदार्पण आरिआकेच्या एकाच संकुलात झालं.

म्हणून आराखडा कागदावर असतानाच बीएमएक्सवाल्यांना बैठकीला बोलवायला हवं. काठाला पोलादी पाइप बसवायचा का, वेग घ्यायला जागा किती सोडायची, सकाळची वेळ लहानांसाठी राखायची का, हे तिथेच सर्वांसमक्ष ठरावं.