घोडं पेंड खातं कुठे?

काही माणसांना कुठलीही वस्तू जशी आहे तशी वापरवतच नाही. स्कूटरला कार्बोरेटर होता तोवर यांनी तो दर रविवारी उघडला. आमचा भाचा याच पंथातला; फक्त तो संगणक उघडतो.

संगणकाचा प्रोसेसर एका ठरावीक ठोक्यावर चालतो. कारखान्याने ठरवलेल्या ठोक्यापेक्षा त्याला जास्त दामटायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. भाच्याने ठोका २० टक्क्यांनी वाढवला आणि घड्याळ लावून बसला. १० मिनिटांचं काम साडेआठच्या आत उरकेल अशी त्याची अपेक्षा. लागली ९. पगारवाढीच्या पत्रातून प्राप्तिकर वजा झाल्यावर नोकरदाराचा होतो, तसा त्याचा चेहरा झाला.

"मामा, घोडं पेंड खातंय कुठे?"

हिशेब तसा साधा आहे. १० मिनिटांपैकी प्रोसेसर खरोखर राबत होता ६ मिनिटं. उरलेली ४ मिनिटं तो मेमरीतून आणि डिस्कवरून माहिती यायची वाट बघत बसला होता. ठोका वाढवल्यावर सहाची पाच झाली. चारची मात्र चारच राहिली. वाट बघण्याचं काम कितीही तडफेने केलं तरी लवकर संपत नाही, हे सरकारी कचेरीत जाऊन आलेल्या कुणालाही पटेल.

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच बजावून ठेवलं होतं, की एका कामाला कितीही प्रोसेसर जुंपले तरी त्यातला जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो आपला वेळ घेणारच. अ‍ॅमडाल बोलला ते प्रोसेसरांच्या संख्येबद्दल. पण वेगालाही हिशेब तोच लागू पडतो. आमच्या आजीला तो अ‍ॅमडालच्या मदतीशिवाय ठाऊक होता. तवा एकच असेल, तर लाटणारीने हात दुप्पट चालवला म्हणून पंगत लवकर उठत नाही. लाटलेल्या पोळ्या तेवढ्या साचतात. पण पंगतीतून हाक येते ती "सूनबाई, हात चालव जरा!" अशीच. तव्याला कोण हाक मारणार?

मला खरा प्रश्न इथे दिसतो. काम अडलं की आपण दामटतो कुणाला? जिथे अडलंय त्याला नव्हे. जो दामटून घेतो त्याला. प्रोसेसरचा ठोका वाढवता येतो म्हणून तो वाढवायचा. ही आपली सोय झाली, न्याय नव्हे.

बरं, ही सोय फुकटही पडत नाही. प्रोसेसरची उष्णता ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ठोका २० टक्के आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवलं, की उष्णता वाढते सुमारे ४५ टक्के. भाच्याने पुढे तेही करून पाहिलं. प्रोसेसर तापला आणि त्याने मुकाट्याने आपला वेग आपणच कमी केला. रजेचा अर्ज नाही, डॉक्टरचा दाखला नाही. मला त्याचा हेवा वाटला.

कारण माणसाला ही सोय नाही. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. फाइल आली की संध्याकाळपर्यंत निकालात. त्याचं बक्षीस म्हणून त्यांना शेजारच्या टेबलाच्या फायली मिळाल्या, मग पलीकडच्या. "तुमच्याशिवाय कोण करणार?" या वाक्यावर ते आणखी जोराने पळत. छातीत कळ येऊन ते खाली बसले, तेव्हा त्यांच्या हातून निघालेल्या फायलींचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर सहीची वाट पाहत होता. महिनाभर तो तसाच होता.

याचा अर्थ कुणाकडून जास्त अपेक्षाच करू नये असा नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर आला. होता ३०० मेगाहर्ट्‌झचा. हौशी मंडळींनी तो ४५० वर पळवला आणि त्यांना फायदाही घसघशीत झाला. कारण एक तर त्याच्या अंगात ती ताकद होती. दुसरं म्हणजे, त्याला पळवण्यासाठी मेमरीकडे जाणारा रस्ताच ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर न्यावा लागे. नुसतं घोड्याला चाबूक मारणं नव्हतं. रस्ताही रुंद होत होता. आता ती ताकदही शिल्लक उरत नाही. इंटेलने २००८ साली टर्बो बूस्ट आणलं, तेव्हापासून जमेल तेव्हा प्रोसेसर आपणहूनच पळतो. जो आधीच जीव तोडून पळतोय, त्याला आणखी पळ म्हणणं ही अपेक्षा नव्हे, छळ आहे.

भाच्याने शेवटी पेटी पुन्हा उघडली. मेमरीच्या दोन पट्ट्यांची जागा असताना आत एकच बसवलेली होती. त्याने दुसरी घातली, ठोका पूर्ववत केला, आणि काम पहिल्यापेक्षा लवकर व्हायला लागलं. प्रोसेसर थंड तो थंडच.

परवा बहिणीकडे पंधरा पानं जेवायला होती. नेहमीप्रमाणे हाक गेली, "सूनबाई, हात चालव जरा!" भाचा पानावरून उठला. मला वाटलं, आता वहिनीला काही सूचना देणार. तो शेजारी गेला आणि दुसरा तवा मागून घेऊन आला.