तुरट घोट आणि रश्शाची तर्री

जांभूळ खाल्लं की जीभ जांभळी होते, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधी तोंडात आणखी एक गोष्ट घडलेली असते. गाल आतून आवळतात, जीभ टाळूला घासते, लाळ असूनही कोरड पडते. हाच तुरटपणा. आपल्या षड्‌रसांत त्याला ‘कषाय’ म्हणून मानाची जागा आहे. मर्लो ही लाल वाइन समजून घ्यायची, तर या तुरटपणाचं बोट धरावं असं मला वाटतं.

खरं तर तुरटपणा चाखण्यापेक्षा जाणवतो जास्त. सालीत, बियांत, चहाच्या पानात टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ घासू लागते. कोरा चहा जास्त उकळला की हेच होतं. त्यात दूध घातलं की टॅनिन दुधातल्या प्रथिनांना धरतं आणि लाळेला बरंचसं मोकळं सोडतं. जांभळाला मीठ लावतात तेही याचसाठी. मिठाने तुरटपणाची धार बोथट होते. म्हणजे तुरट घोटाला सोबत काय द्यायची, हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकाच निघतो. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा साल रसात मुरल्यामुळे येतो. मर्लो हे तिच्या द्राक्षाचंही नाव. त्याची साल कॅबरने सॉव्हिन्यॉ या द्राक्षापेक्षा पातळ, मणी थोडे मोठे, म्हणून तिचा तुरटपणा मवाळ. मूळची ती फ्रान्समधल्या बोर्दोची. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला ‘फ्रातेली’ या वाइनरीने तिची वाइन केली आहे. फ्रान्समध्ये द्राक्ष सप्टेंबरच्या सुमारास उतरतं, आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या छाटणीचा माल जानेवारी ते मार्चमध्ये. याच दिवसांत हिंगोली जिल्ह्यात हळद निघते. वसमतकडच्या शिवारात कढया नि कुकर पेटलेले असतात आणि शिजलेल्या हळकुंडांचा ओल्या मातीसारखा वास वाफेबरोबर रस्त्यापर्यंत येतो.

वसमतच्या या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कच्ची हळद जिभेवर टाकून पाहा, कडवट लागते. तीच गरम तेलात पडली की कडवटपणा मागे सरतो आणि वास पुढे येतो. स्निग्धाची सोबत मिळाली की उग्र चव खाली बसते. मर्लोचंही गणित हेच आहे.

म्हणून हिंगोलीच्या ताटातून मर्लोसाठी मी पहिल्यांदा येसर मसाला घातलेलं मटण उचलेन. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला अडकवून ठेवतात, मीठ त्याची धार बोथट करतं. घोट मऊ होतो आणि जांभूळ-आलुबुखारासारखा फळाचा वास वर येतो. शाकाहारी ताटात भरलं वांगं: शेंगदाणा-तिळाच्या कुटाचं तेल, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा, शेजारी लोणी लावलेली ज्वारीची भाकरी. वांग्याला स्वतःचाही किंचित तुरटपणा असतो, म्हणून ही जोडी मला मटणाइतकीच पटते.

मिरचीचा ठेचा मात्र नको. मिरचीने पोळलेल्या तोंडाला अल्कोहोल आणखी पोळतं, त्यावर तुरटपणा खरखरतो, आणि वाइनमधलं फळ कुठल्या कुठे जातं. पुरणपोळीही नको, तिच्या गोडव्यापुढे मर्लो आंबट आणि रोडावलेली लागते.

गारवाही पाहावा लागतो. मर्लो 16 ते 18 अंशांना चांगली लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीतलीच हवा तिच्या दुप्पट तापलेली असते, तेव्हा घोटात नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. पुस्तकांतली ‘खोलीच्या तापमानाला द्या’ ही सूचना थंड देशातल्या खोल्यांची आहे. बाटली फ्रिजमध्ये ठेवून, गार झाली की मगच उघडावी.

वाइन घेत असाल तर एकदा असं करून पाहा. पहिला घोट नुसता घ्या, तोंडभर फिरवा, गिळल्यावर हिरड्यांवरून जीभ फिरवा. कुठे घासतंय ते लक्षात ठेवा. मग रश्शात बुडवलेला भाकरीचा एक घास खा आणि दुसरा घोट घ्या. फक्त त्या दिवशी रश्शात तिखट निम्मं घाला, आणि वरची तर्री काढू नका.