वाडीचे देव वेळेत निघतात

पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही दुथडी भरल्या, की नृसिंहवाडीचा घाट पायरी पायरीने दिसेनासा होतो. पाणी मंदिरात शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना येतो तो चढता, ओसरताना येतो तो उतरता. त्या दारातल्या पाण्यात स्नान घडावे म्हणून भाविक लांबून येतात. शिरोळ तालुक्यातल्या माणसांना या पाण्याचे अप्रूप आहे, आणि धाकही.

याच दिवसांत मंदिरात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे तेवढे लक्ष जात नाही. पाणी वाढत चालले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. तिथेही पाणी येऊ लागले की टेंबे स्वामींच्या मठात. पूजेत खंड पडत नाही, जागा तेवढी बदलते. पादुका मात्र औदुंबराखाली आपल्या जागी, पाण्यात. जे उचलून नेता येते ते वेळेत न्यायचे आणि जे नेता येत नाही ते नदीच्या स्वाधीन करायचे, असा हा रिवाज आहे.

पूरपट्ट्यातल्या घरात दरवर्षी उठणारा प्रश्न या रिवाजाशेजारी ठेवून पाहावा. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलेले असते, मुलगा ट्रॅक्टर दारात लावून उभा असतो आणि आजी देव्हाऱ्यासमोरून उठायला तयार नसते. ‘देवाला सोडून कुठं जाऊ? महाराज बघून घेतील.’ तिच्या या बोलण्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. आयुष्यभर ज्याच्यावर भार टाकला, त्याच्यावरचा विश्वास संकटात काढून घ्यायचा का, असे ती विचारते आहे. प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर तिच्याच परंपरेतून यायला हवे, नाहीतर ती ट्रॅक्टरमध्ये चढेलही, पण काहीतरी गमावून.

उत्तर परंपरेत आहेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म तडीस जायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण मोजताना ते पाचवे येते. योगवासिष्ठात तर वसिष्ठ तरुण रामाला दैवाच्या भरवशावर बसण्याबद्दल चांगलेच सुनावतात आणि पुरुषार्थाची बाजू लावून धरतात. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या हाती हात धुताना एक इवला मासा येतो, ‘मला सांभाळ, मी तुला तारीन’ म्हणतो. मनू आधी त्याला घागरीत वाढवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. पूर कोणत्या वर्षी येणार हे मासा आधीच सांगतो, आणि मनू तोवर नाव बांधून तयार ठेवतो. देवाचा शब्द मिळाल्यावरही नाव मनूलाच बांधावी लागली.

दुसरा एक युक्तिवाद मात्र खोडून काढायलाच हवा. आपत्ती म्हणजे पापाची शिक्षा, हा तो युक्तिवाद. १९३४ च्या जानेवारीत बिहार भूकंपाने हादरला तेव्हा गांधीजींनी त्याचा संबंध अस्पृश्यतेच्या पापाशी जोडला. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यतेबद्दल दोघांचे दुमत नव्हते, निसर्गाच्या घटनेला नीतीचा निवाडा मानावे का, एवढाच वाद होता. इथे टागोरांचे म्हणणे पटते. पूर नदीकाठच्या मातीच्या भिंती आधी पाडतो आणि उंचावरचे बंगले सोडतो. पापपुण्याचा हिशेब असा जमिनीची उंची बघून होत नसतो.

आणि पाण्याचा हिशेब तर उघडा आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून विसर्ग वाढला, की खालची गावे तास मोजू लागतात. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर पोचले. त्या वेळी कितीतरी माणसे घरात अडकली, ती देवावर विसंबून नव्हे. २००५ साली पाणी अमुक उंबऱ्यापर्यंत आले होते, त्यापुढे येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. भिंतीवरच्या जुन्या ओलीच्या खुणेवर त्यांची निष्ठा होती. अंधश्रद्धा म्हणायचेच असेल तर ती या खुणेवरची होती. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. पण या रेषा सरासरी सांगतात, हमी देत नाहीत: २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ चा पूर आला आणि त्याने ‘एवढ्यात परत नाही येणार’ ही समजूतही मोडली.

तयारी घरापुरती ठेवली तर ती अर्धीच राहते. रेशनकार्ड, सातबारा आणि औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवणे, सिलिंडर साखळीने बांधणे, गोठ्यातली दावी वेळेत सोडणे ही कामे प्रत्येकाची. पण नाव ही एका घराची गोष्ट नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर निघालेल्या माणसांची नाव उलटली आणि डझनभराहून अधिक जीव गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती. नावेत जास्त माणसे बसली होती. पाणी कमरेला लागल्यावर कोणालाही मागे थांबवत नाही, हे खरे. म्हणूनच नावा किती, लाइफ जॅकेट किती, अंथरुणाला खिळलेले म्हातारे कोणत्या घरात, आधी कोणाला काढायचे, हे मे महिन्यातच ठरायला हवे. गावच्या मंदिरात काकड्यासाठी लागणारा भोंगा त्या कामाला यावा. भूतदया हा शब्द कीर्तनात गोड वाटतो. पुराच्या गावात त्याचा अर्थ दावे वेळेत सोडणे आणि शेजारच्या म्हातारीचे नाव यादीत पहिले लिहिणे असा होतो.

आजीकडे पुन्हा वळू. अशा घरात तिला देव सोडायला सांगू नये. देव्हाऱ्यातले टाक काढावेत, धुतलेल्या फडक्यात गुंडाळावेत, स्टीलच्या डब्यात घालून डबा तिच्याच मांडीवर द्यावा. वाडीत उत्सवमूर्ती निघते तेव्हा कोणी म्हणत नाही की देव पळाले. तिथल्या नित्य आरतीची वेळ झाली की मठात निरांजन लागते. खाली पादुकांवरून पाणी वाहतच असते. पूर ओसरला की मंडपातला गाळ काढतात, फरशी धुतात आणि मूर्ती आल्या वाटेने परत आणतात.